घराजवळचं मोठं झाड उतरवताना : दोर, कप्पी आणि टोळीचं काम

कोकणात घर आणि झाड यांच्यात फारसं अंतर ठेवलेलंच नसतं. मागच्या दारी फणस, पडवीला टेकलेला आंबा, कौलांवर झावळ्या टाकणारा माड. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते ही वादळं येऊन गेली. तेव्हापासून पावसाआधी अशी झाडं काढून टाकायचा विचार घरोघरी होतो, आणि काम येतं ते माडावर चढणाऱ्या किंवा जळाऊ लाकूड तोडणाऱ्या मंडळींकडे. ती हाताने तरबेज असतात, पण मोकळ्या रानात झाड आडवं पाडणं आणि दोन घरांच्या बेचक्यातलं झाड वरून तुकड्यातुकड्याने उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामात खाली दोर धरून उभा असलेला माणूस मशीन (चेनसॉ) धरणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो.

हा लेख टोळीत नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. घरमालकांनीही वाचावा, म्हणजे काम कोणाला द्यावं ते ठरवता येईल. मात्र नुसतं वाचून वर चढू नका. आधी बराच काळ खाली, दोरावर, जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून काम शिका.

१. आधी कागद

आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, साग, खैर ही झाडं स्वतःच्या जागेत असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली येतात. गावात वन परिक्षेत्र कार्यालयात किंवा तहसीलदार कार्यालयात चौकशी करा. नगरपरिषद, नगरपंचायत असेल तर तिथे अर्ज द्या. शहरी भागाला १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा लागू होतो. खाडीकाठची खारफुटी असेल तर हात लावू नका.

सोबत ठेवायचे कागद :
- ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका
- सातबारावरच्या सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती
- झाड आणि घर एकाच चौकटीत दिसतील असे तीन-चार फोटो
- झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर, काढण्याचं कारण
- फांदी शेजाऱ्याच्या हद्दीत जात असेल तर त्याची लेखी संमती

इथे अडकतं ते हिस्सेदारांपाशी. सामाईक सातबारावर मुंबईतल्या चुलत्यांची नावं असतात आणि काम निम्म्यावर आलं की फोन येतो. झाड वाळलंय, धोकादायक आहे, म्हणून परवानगी लागणार नाही असं गृहीत धरू नका. लाकूड कोणाचं हेही आधीच लिहून घ्या. मजुरीच्या बदल्यात लाकूड ठरलं असेल तर मोठे ओंडके अखंड उतरवायचा मोह होतो, आणि तो घराच्या मुळावर येतो. लाकूड गावाबाहेर जाणार असेल तर वाहतूक परवान्याचंही विचारून ठेवा.

२. वीज

महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन त्या दिवशी लाईन बंद करून घ्या. बंद केल्याचं लाईनमनकडून समोरासमोर कळलं की मगच वर चढायचं. "लाईट गेलीये, तेवढ्यात उरकून घेऊ" हे कधीही करू नका. गेलेली लाईट कोणत्याही क्षणी येते, आणि ओल्या लाकडातून, ओल्या दोरातून वीज माणसापर्यंत पोचते. घराकडे येणारी सर्व्हिस वायर फांदीत अडकली असेल तर ती आधी सोडवून घ्या. शेजारच्या घरातला इन्व्हर्टर किंवा सोलर लाईनशी कसा जोडलाय तेही लाईनमनला दाखवा.

३. झाडाची तपासणी

सकाळच्या उजेडात झाडाभोवती पूर्ण फेरी मारा. बुंध्यावर लाकडी हातोड्याने ठोकत जा. भरीव लाकूड ठणठणीत वाजतं, पोकळ लाकडाचा आवाज बोदा येतो. जुन्या आंब्याच्या खोडावर भुसा आणि भोकं दिसली तर भिरूड (खोड पोखरणारी अळी) आत पोचलाय असं समजा. माडाच्या खोडातून तांबूस चीक गळत असेल तर सोंड्या भुंग्याने आतून पोखरलेलं असण्याची शक्यता मोठी. असा माड वरून हिरवा दिसतो आणि माणसाच्या वजनाने मधूनच मोडतो. त्यावर चढायचं नाही. शेजारच्या भक्कम झाडावर बांधून काम करा किंवा क्रेन आणा. पाखाडीतून (अरुंद पायऱ्यांच्या वाटेतून) क्रेन येत नसेल तर त्या कामाला नाही म्हणणं हेच योग्य.

बुंध्याच्या बुडाशी माती उचललेली दिसते का ते पाहा. जांभ्या कातळावर मातीचा थर पातळ असतो, मुळं खोल न जाता पसरतात. पावसात माती भिजली की अख्खं झाड मुळासकट कलतं. फांद्यांच्या बेचक्यात साल आत दुमडलेली असेल तर ती फांदी दोर बांधायला निकामी.

वर काय राहतंय तेही बघा. आग्यामोहोळ असेल तर मधमाश्या काढणाऱ्याला बोलवा, दुसरा उपाय नाही. हुमल्यांची (झाडावरच्या लाल मुंग्यांची) घरटी आधी लांब काठीने पाडा. वर दोन्ही हात अडकलेले असताना हुमले अंगावर आले तर माणूस पट्टा सोडून बसतो. जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाचं घरटं असेल तर मादी अंड्यांवर स्वतःला आत लिंपून घेते. साधारण फेब्रुवारी ते मे हा तिचा काळ असतो. तेव्हा काम पुढे ढकला. वन विभागाला कळवा.

तपासणी झाली की एक प्रश्न विचारा : झाड काढायलाच हवं का? पुष्कळदा घरावरच्या, पानं-डहाळ्यांनी जड झालेल्या दोन आडव्या खांद्या उतरवल्या की भागतं.

४. सामान

- भार उतरवायचा दोर : पॉलिएस्टरचा, दुहेरी विणीचा, १२ ते १६ मिमी. लांबी कप्पीच्या उंचीच्या अडीच पट. कप्पी ६० फुटांवर असेल तर १५० फूट दोर.
- चढणाऱ्याचा स्वतःचा वेगळा दोर, कमरपट्टा-मांडीपट्टा असलेला हार्नेस, आणि आत पोलादी तार असलेला कंबरेचा दोर
- मोठी कप्पी, तिला बांधायची जाड स्लिंग (दोराचा फास), भार लिहिलेले शॅकल (लोखंडी जोडकड्या)
- बुंध्याला बांधायचा लोखंडी घर्षण-ड्रम. वरच्या कप्पीतून खाली आलेला दोर त्याला गुंडाळून भार हळू सोडतात. नसेल तर सालीचे खडबडे काढून गुळगुळीत केलेला बुंधा.
- तुकड्याला दिशा द्यायचा लगामदोर, १० ते १२ मिमी
- वरच्या कामाला १२ ते १४ इंची पात्याचं हलकं मशीन, खालच्या कामाला मोठं
- सगळ्यांना हेल्मेट. मशीनवाल्याला कान-डोळ्यांचं संरक्षण आणि चेनसॉची पॅन्ट. दोरवाल्याला चामडी हातमोजे
- रक्त थांबवायच्या रुंद पट्ट्या, शिट्ट्या, पाणी

बंदरावर सहज मिळणारा निळा-हिरवा मासेमारीचा दोर स्वस्त आणि दिसायला भक्कम असतो. तो बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनचा असतो. बुंध्यावर घासला की उष्णतेने वितळतो, आणि उन्हात राहिला की वरून चांगला दिसत असतानाच आतून ठिसूळ होतो. भार उतरवायला तो वापरायचा नाही. नायलॉन ताणतो, भिजला की त्याची ताकद कमी होते. काथ्याचा दोर फक्त फांद्यांचे भारे बांधायला.

दोराच्या लेबलवर तुटण्याचा भार लिहिलेला असतो. त्याचा दहावा भाग हीच कामाची मर्यादा. हे अतिसावध वाटेल, पण गाठ मारल्यावरच ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटते, आणि धक्क्याचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. लेबल नसलेला दोर विकत घेऊ नका.

५. वजनाचा हिशेब

नव्या माणसाचा अंदाज इथे चुकतो, आणि तो नेहमी कमीच धरला जातो. ओलं लाकूड साधारण पाण्याइतकं जड धरा. एक फूट जाडीचा, एक फूट लांबीचा तुकडा सुमारे २२ किलो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट.

- १ फूट जाडी : दर फुटाला २२ किलो
- दीड फूट जाडी : दर फुटाला ५० किलो
- २ फूट जाडी : दर फुटाला ९० किलो
- ३ फूट जाडी : दर फुटाला २०० किलो

म्हणजे दोन फूट जाडीचा चार फुटी ओंडका साडेतीनशे किलोच्या पुढे गेला. चिंच, ऐन यांना थोडं जास्तच धरा. पानांचा, डहाळ्यांचा भार त्यात वेगळा मिळवायचा. फणसाला फळं असतील तर आधी ती एकेक उतरवा.

आता कप्पीचं. भार एका बाजूला लटकतो आणि त्याला पेलायला दुसऱ्या बाजूने तेवढाच ताण द्यावा लागतो, त्यामुळे कप्पी बांधलेल्या जागेवर जवळजवळ दुप्पट ओढ येते. शंभर किलोची फांदी लटकली की वरच्या खांदीवर दोनशे. तोच तुकडा दोन-तीन फूट पडून दोराला एकदम अडला तर हा आकडा अनेक पटींनी वाढतो. म्हणून कप्पीची जागा भक्कम, बुंध्याच्या जवळ आणि शक्य तेवढी उंच निवडा, आणि चढणाऱ्याचा दोर त्या जागी कधीही बांधू नका. भाराची जागा मोडली तरी माणूस वर राहिला पाहिजे.

६. टोळी

कमीत कमी पाच माणसं.

मुकादम. हातात काहीही धरत नाही. सगळीकडे बघतो, काम थांबवतो, सुरू करतो. माणूस कमी पडला म्हणून मुकादमानेच दोर धरला की बघणारं कोणी उरत नाही.

चढणारा. कुठे कापायचं ते तो ठरवतो. कधी कापायचं ते खालून ठरतं.

दोरवाला. टोळीतला अनुभवी माणूस इथे ठेवा. बहुतेक टोळ्या उलटं करतात, चांगला गडी वर आणि नवखा पोरगा दोरावर. दोर कधी धरायचा आणि कधी पळू द्यायचा हे त्याच्या हाताला कळलं नाही तर वरच्याचं कसब वाया जातं.

खालचे दोन गडी. तुकडा सोडवणं, ओढून बाजूला नेणं, लगामदोर धरणं. यांतला एक तरी हार्नेस घालून वर जाऊ शकणारा हवा. वर माणूस जखमी झाला तर पट्ट्यात बेशुद्ध लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली आणावं लागतं, १०८ ची गाडी येईपर्यंत थांबता येत नाही.

जवळून पायवाट किंवा रस्ता जात असेल तर सहावा माणूस तिथे उभा करा. शाळा सुटायची वेळ लक्षात ठेवा.

सिंधुदुर्गात, रत्नागिरीत कामाआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. त्या वेळी सगळे एकत्र उभे असतातच. तिथेच दिवसाच्या कामाची उजळणी करून घ्या : कोणती फांदी आधी, कुठे उतरणार, कोण कुठे, दवाखाना कोणता, गाडीची चावी कोणाकडे.

७. हाका ठरवा

"सोड", "ओढ" आणि "तोड" हे तीन शब्द मशीनच्या आवाजात आणि वाऱ्यात एकसारखेच ऐकू येतात. एकाचा अर्थ दुसऱ्याच्या उलट. दोरावर हे शब्द वापरूच नका. आमची शिफारस :

- ढील : दोर सैल कर
- खेच : ताण घे
- थांब : जिथे आहेस तिथे. ही हाक कोणीही देऊ शकतो, घरमालकाची आईसुद्धा, आणि ती सगळ्यांनी पाळायची.

प्रत्येक तुकड्याचा क्रम ठरलेला. वरून "बांधलं". दोरवाला सैल दोर ओढून घेतो आणि म्हणतो "तयार". मुकादम सगळे गडी मोजतो, अंगण बघतो आणि म्हणतो "खाली मोकळं". तिन्ही हाका आल्याशिवाय मशीन सुरू नाही. ऐकणाऱ्याने हाक परत म्हणायची, नुसती मान हलवायची नाही. तुकडा जमिनीवर टेकला तरी खालच्या गड्याने मुकादमाकडे बघूनच आत यायचं. आवाज पोचत नसेल तर शिट्टी : एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू, सतत वाजली तर संकट.

८. आवार तयार करणं

फांदीखालची कौलं काढून ठेवा. प्लायवूड टाकून पन्नास किलोचा आघात अडत नाही, कौल आणि रीप दोन्ही जातात. पडवीतली माणसं, गोठ्यातली गुरं दुसरीकडे हलवा. शौचालयाची टाकी, शोषखड्डा, विहिरीचा कठडा, पाण्याचा पाईप कुठून जातो हे विचारून त्यावर काठ्या रोवून खूण करा. टाकीच्या झाकणावर ओंडका पडला की ते आत जातं. तुकडे उतरायच्या जागी जुने टायर आणि त्यावर झावळ्यांचा जाड थर घाला.

दोरवाल्याची जागा तुकडा उतरणार त्याच्या विरुद्ध बाजूला, कप्पीच्या बरोबर खाली कधीच नाही. त्याच्या मागे दोन पावलं पळायला मोकळी हवीत. दोराचं वेटोळं त्याच्या पायात नको. हाताला दोर गुंडाळून धरू नये, बोटं जातात.

९. फांद्या

खालच्या फांद्यांपासून सुरुवात करा, म्हणजे वरून येणारा तुकडा मध्ये अडकणार नाही. पण एक फसवा मोह टाळा. अंगणाकडच्या फांद्या सोप्या म्हणून त्या सगळ्या आधी उतरवल्या की उरलेलं सगळं वजन घराकडे राहतं आणि कललेलं झाड आणखी कलतं. दोन्ही बाजू आलटून-पालटून हलक्या करा. झाड मुळात घराकडे झुकलेलं असेल तर सुरुवातीलाच उंचीच्या दोन-तृतीयांशावर ताणदोर बांधून विरुद्ध बाजूच्या भक्कम झाडाला हातविंचने ताणून ठेवा. ट्रॅक्टर किंवा जेसीबीने ओढू नका. चाक घसरलं किंवा धक्का बसला की ताण एकदम जातो किंवा एकदम वाढतो.

दोर कुठे बांधायचा ते फांदीने कुठे जायचं त्यावर ठरतं. बुडाकडे बांधला तर शेंडा आधी खाली जातो. खाली मोकळं अंगण असेल तर ठीक, कौलं असतील तर नाही. कौलांवरच्या फांदीला शेंड्याकडे बांधा, म्हणजे बूड खाली येतं आणि शेंडा दोरावर राहतो. लांब आडव्या फांदीला दोन्हीकडे दोन दोर लावून ती आडवीच उतरवणं सर्वांत सुरक्षित, मात्र त्यासाठी दोन दोरवाले एकमेकांकडे बघून ढील देणारे हवेत. गाठ म्हणजे सरकता बोलाईन (भार आला की आवळणारा फास), आणि त्याच्या पुढे फूटभर अंतरावर एक अर्धी गाठ. त्या अर्ध्या गाठीने तुकडा वेढ्यातून निसटत नाही.

काप आधी खालून, जाडीच्या चौथ्या हिश्शापर्यंत, मग वरून. फक्त वरून कापलं तर फांदी मोडताना साल आणि लाकूड बुंध्यापर्यंत सोलत येतं, आणि तिथे चढणाऱ्याचे पाय असतात. कापताना त्याचे दोन दोर लावलेले हवेत, एक वरून आणि एक कंबरेचा. मशीन एका हाताने कधी चालवायचं नाही.

ड्रमवर किंवा बुंध्यावर दोराचे वेढे किती घ्यायचे ते वजनावर. हलक्या फांदीला एक-दोन, शंभर किलोच्या वर तीन. वेढे कमी पडले तर दोर हातातून जातो. जास्त झाले तर दोर सरकतच नाही आणि तुकडा हिसका देऊन थांबतो. पहिल्या दोन लहान फांद्या मुद्दाम याच्या अंदाजासाठी वापरा.

१०. बुंधा

फांद्या गेल्या की वर कप्पी लावायला जागा राहत नाही. कप्पी कापाच्या खाली बांधावी लागते, म्हणजे ओंडका आधी पडतो आणि मग दोर त्याला पकडतो. सर्वांत मोठा धक्का इथेच. त्यावर तीन उपाय. तुकडे आखूड ठेवा. कप्पी कापाच्या अगदी जवळ बांधा, म्हणजे पडण्याची उंची घटते. आणि दोरवाल्याने ओंडका अडवू नये, त्याला पळू द्यावं आणि हळूहळू आवळत जमिनीच्या वर थांबवावं. हे सगळ्यात अवघड कसब आहे. दोर आवळून धरला तर अख्खा बुंधा चढणाऱ्यासकट हेलकावतो.

समोरून, म्हणजे ओंडका पाडायचा त्या बाजूने खाच, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. मागून काप, आणि मध्ये जाडीच्या दहाव्या भागाएवढं लाकूड बिजागरासारखं राखायचं. ते पूर्ण कापलं की ओंडका कुठे जाईल हे कोणाच्या हातात राहत नाही.

खाली मोकळी जागा असेल तर दोराच्या फंदात पडू नका. फूट-दीड फुटाचे गोल काप करून हाताने ढकला आणि टायरवर टाका.

माडाचं वेगळं. त्याच्या लाकडाला बिजागर नीट धरत नाही, तंतू एकदम तुटतात. आधी झावळ्या आणि पेंडी उतरवा, मग शेंडा, मग तीन-चार फुटांचे तुकडे. कंबरेचा दोर खोडाला नुसता वळसा घालून ठेवला तर खाली घसरतो, मध्ये फांदी नाही अडवायला. तो आवळणारा वेढा हवा. चेन लवकर बोथट होते, धार लावलेली दुसरी सोबत ठेवा.

११. कधी थांबायचं

किनाऱ्यावर दुपारकडे खारा वारा वाढतो. शेंड्याचं काम सकाळी अकराच्या आत संपवा. शेंडा डोलायला लागला, पहिली सर आली, बुंध्यावर शेवाळ ओलं झालं, किंवा दोरवाल्याचे हात थरथरायला लागले तर खाली उतरा. अर्धवट कापलेली फांदी लटकती ठेवून जेवायला जायचं नाही.

१२. काम झाल्यावर

माडाची खोडं आवारात कुजत ठेवू नका. गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो आणि बाकीच्या वाडीत पसरतो.

फणसाचा चीक लागलेला दोर कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा. मग पूर्ण लांबी हाताच्या मुठीतून सरकवत जा. कुठे कडक, चपटा, चकाकलेला किंवा आतला गाभा हरवलेला भाग लागला तर तो दोर बाद. बाद केलेला दोर कोपऱ्यात ठेवू नका, त्याचे तीन-तीन फुटांचे तुकडे करा, नाहीतर पुढच्या घाईच्या दिवशी कोणीतरी तो उचलून गाडीत टाकतो.